हार्ड डिस्क बदलली आणि लॅपटॉप सुरूच होईना? आधी जुनी डिस्क बाजूला ठेवा!

आजचा भाग जरा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन ऐकायचा आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. नेहमीसारखंच, बोललो तसंच लिहिलंय. फक्त मधले 'अं...' आणि शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात.

तर झालं असं. रात्री साडेदहाला सांगलीहून मावसभावाचा व्हिडिओ कॉल. डिप्लोमाला आहे तो.

"दादा, लॅपटॉप मेला."

"मेला म्हणजे? लाइट लागतोय का?"

"लागतोय. पंखा पण फिरतोय. लोगो येतो आणि मग काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस'."

साहेबांनी पाच-सहा वर्षं जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकला होता. व्हिडिओ बघून, स्वतःच्या हातानं. त्याबद्दल शाबासकी द्यायलाच हवी. पण पुढचं वाक्य ऐकून मी खुर्चीतून उठलो.

"बहुतेक एसएसडीच खराब आला असेल. जुनी डिस्क परत लावतो आणि तिला फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो. डेटा काय, एसएसडीवर क्लोन झालाच आहे."

त्याच लॅपटॉपवर काकांच्या दुकानाचे तीन वर्षांचे हिशोब होते. दुसरी कॉपी कुठेही नव्हती.

मी म्हटलं, "अरे बाबा, जुन्या डिस्कला हात लावू नकोस. ती कपाटात ठेव आणि मग बोल."

पहिला नियम

नवा ड्राइव्ह नीट बूट होऊन, तुमच्या फाइल्स त्यावर उघडून बघेपर्यंत जुनी डिस्क पवित्र. तिला फॉरमॅट करायचं नाही, तिच्यावर काही इन्स्टॉल करायचं नाही, दुरुस्तीचे प्रयोगही करायचे नाहीत. जे काही करायचं ते नव्या ड्राइव्हवर. नव्यावर चूक झाली तर फक्त वेळ जातो, जुन्यावर चूक झाली तर डेटा जातो.

आणि जुनी डिस्क टक-टक आवाज करत असेल, तर ती पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. आधी महत्त्वाच्या फाइल्स कॉपी करून घ्या, क्लोन वगैरे नंतर.

कॉम्प्युटर सुरू होतो म्हणजे नेमकं काय होतं?

हे एकदा समजलं की अर्धी भीती जाते. सोसायटीचा वॉचमन डोळ्यासमोर आणा. ड्युटीवर आल्यावर तो आधी लाइट, पाणी, लिफ्ट चालू आहे का ते बघतो. मग रजिस्टर उघडतो आणि त्यात लिहिलेल्या क्रमानं एकेका फ्लॅटचं दार वाजवतो. आतून कुणी ओ दिली की कारभार त्याच्या हातात सोपवतो.

कॉम्प्युटरमधला हा वॉचमन म्हणजे मदरबोर्डवरचं फर्मवेअर. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यामध्ये यूईएफआय. बोलताना आपण दोघांनाही बायोसच म्हणतो. तो ड्राइव्हवर नसतो, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो. म्हणूनच ड्राइव्ह काढला तरी कंपनीचा लोगो दिसतो.

म्हणजे एकूण चार पायऱ्या झाल्या. वीज आणि हार्डवेअरची तपासणी, ड्राइव्ह सापडणं, ड्राइव्हवरचा बूटलोडर सापडणं, आणि शेवटी विंडोज सुरू होणं. आपलं काम एवढंच, की गाडी कुठल्या पायरीवर अडली ते ओळखायचं. 'चालू होत नाही' ही तक्रार झाली. 'लोगोनंतर अडतंय' हे निदान झालं.

पायरी १: लोगोसुद्धा येत नाही

स्क्रीन पूर्ण काळी असेल तर विंडोजचा काही संबंधच नाही. ड्राइव्ह बदलताना आपला हात कशाला तरी लागलाय. चार्जर काढा, बॅटरीचा कनेक्टर काढला असेल तर तो नीट बसलाय का बघा. रॅम एकदा काढून पुन्हा घट्ट बसवा. काही लॅपटॉप बॅटरी काढून लावल्यावर चार्जर जोडल्याशिवाय पहिल्यांदा चालूच होत नाहीत, त्यामुळे चार्जर लावून प्रयत्न करा.

तरीही नाही? मग नवा ड्राइव्ह काढून टाका आणि बिनाड्राइव्हचं मशीन चालू करा. लोगो आला तर गडबड ड्राइव्हमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये. नाही आला तर दुसरीकडे.

पायरी २: बायोसला ड्राइव्ह दिसतोय का?

मशीन चालू करताना बायोसची की टकटक दाबत राहा. डेल, एसर, आसुसमध्ये बहुतेक वेळा एफ-२, एचपीमध्ये एस्केप किंवा एफ-१०, लेनोवोमध्ये एफ-२ किंवा एफ-१. आत गेल्यावर स्टोरेजच्या यादीत नव्या ड्राइव्हचं नाव शोधा.

नाव नसेल तर विंडोज पुन्हा टाकून काहीही होणार नाही. कनेक्टर तपासा. अडीच इंची साटा ड्राइव्ह किंचित तिरका बसला तरी दिसत नाही. लॅपटॉपमधली पातळ पट्टीसारखी केबल सहज सैल होते. डेस्कटॉपमध्ये दोन केबल लागतात, एक डेटाची आणि एक पॉवरची. यातली पॉवरची विसरणारे खूप लोक आहेत, मी धरून.

एम-डॉट-टू ड्राइव्ह घेतला असेल तर इथे एक मोठा घोळ होतो. च्युइंगमच्या पट्टीसारखे दिसणारे हे ड्राइव्ह दोन जातींचे असतात: साटा आणि एनव्हीएमई. दिसायला जुळे भाऊ, पण बोली वेगळी. तुमच्या स्लॉटला फक्त एकच बोली कळत असेल तर दुसरा ड्राइव्ह बसेल, पण दिसणार नाही. यात ड्राइव्ह खराब नाही, खरेदी चुकली. म्हणून विकत घेण्याआधी आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघा.

पायरी ३: ड्राइव्ह दिसतोय, तरी 'नो बूटेबल डिव्हाइस'

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, आणि इथली बातमी चांगली आहे. हार्डवेअर बहुधा ठीक आहे. वॉचमननं दार वाजवलं, पण आतून कुणी ओ दिली नाही. कारणं साधारण चार.

एक, ड्राइव्ह कोरा आहे. नव्या ड्राइव्हवर विंडोज नसतंच. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर तयार करा आणि त्यावरून बूट करा. लायसन्सची काळजी नको. विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं. तीच एडिशन टाका, 'माझ्याकडे की नाही' निवडा, नेट जोडलं की सहसा आपोआप ॲक्टिव्हेट होतं. इन्स्टॉलरमध्ये ड्राइव्ह दिसला नाही, पण बायोसमध्ये दिसतोय, असं इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर होतं. तिथे लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर' करावं लागतं.

दोन, क्रम चुकलाय. बायोसच्या बूट यादीत नवा ड्राइव्ह किंवा 'विंडोज बूट मॅनेजर' सगळ्यात वर आणा.

तीन, पद्धत जुळत नाही. जुनी पद्धत एमबीआर. यात ड्राइव्हच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्येच सुरुवातीचा कोड आणि पार्टिशनचा तक्ता असतो. तिथे फक्त चार मुख्य पार्टिशन मावतात आणि २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. नवी पद्धत जीपीटी, ती यूईएफआयसोबत चालते. जुनी डिस्क एमबीआर असेल तर तिचा क्लोनही एमबीआरच होऊ शकतो. मग बायोसमध्ये फक्त यूईएफआय चालू असेल तर तो बूट होणार नाही. बायोसमध्ये 'लेगसी' किंवा 'सीएसएम' पर्याय असेल तर तो चालू करून बघा. विंडोज १० मध्ये एमबीआरचं जीपीटी करणारं टूलही येतं, पण ते वापरायचं फक्त नव्या ड्राइव्हवर. पहिला नियम आठवतोय ना?

चार, आणि हेच आमच्या भावाचं झालं होतं: फक्त सी ड्राइव्ह क्लोन केला. जीपीटी डिस्कवर सी-डीच्या आधी एक लपलेलं छोटंसं पार्टिशन असतं, बहुतेक वेळा १०० एमबीच्या आसपास. त्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात. 'माय कॉम्प्युटर'मध्ये ते दिसत नाही, पण बूटलोडर तिथेच राहतो. फक्त सी उचलला म्हणजे सगळं सामान नव्या घरात नेलं आणि किल्ली जुन्या घरातच राहिली.

पायरी ४: विंडोज सुरू होतं आणि मग अडतं

विंडोजचा गोल फिरला आणि मग निळी स्क्रीन आली, त्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' लिहिलंय? बायोसमध्ये साटा मोड बघा. विंडोज आधी 'रेड' मोडमध्ये टाकलेलं असेल आणि तुम्ही 'लोड डिफॉल्ट्स' करताना तो 'एएचसीआय' झाला असेल (किंवा उलट), तर विंडोजला स्वतःचाच ड्राइव्ह वाचता येत नाही. जुना मोड परत लावा.

आणि निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी की मागितली तर घाबरू नका, व्हायरस नाही तो. ते बिटलॉकर आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट झालेला असतो आणि हार्डवेअर किंवा बायोस सेटिंग बदललं की तो ओळखपत्र मागतो. फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा, की बहुतेक तिथेच सेव्ह असते. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या अकाउंटनं लॅपटॉप सुरू केला असेल तर की त्यांच्याकडे असू शकते. म्हणून ती आधीच शोधून ठेवलेली बरी.

मग सांगलीचं काय झालं?

भावाला मी बायोस उघडायला सांगितलं. एसएसडीचं नाव यादीत दिसलं. म्हणजे 'एसएसडी खराब आला' हा अंदाज तिथेच मागे पडला. मग विचारलं, "क्लोन करताना किती चौकोनांवर टिक केली होतीस?"

"एकच. सी."

"आणि काकांचे हिशोब कुठे असतात?"

तो दोन सेकंद गप्प झाला. "डी मध्ये."

मंडळी, डी क्लोन झालाच नव्हता. लॅपटॉप सुरू न होणं ही त्या रात्रीची सगळ्यात छोटी अडचण होती. त्यानं जुनी डिस्क फॉरमॅट केली असती तर तीन वर्षांचे हिशोब त्याच्याच हातानं गेले असते, तेही 'एसएसडीवर आहेच की' अशा समजुतीत.

जुनी डिस्क परत लावली, लॅपटॉप पूर्वीसारखा रडतखडत सुरू झाला. आधी हिशोबाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. मग एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घालून सगळी पार्टिशनं टिक करून पुन्हा क्लोन केला. बारा वाजून गेले. मावशी दोनदा येऊन "झोपा रे आता" म्हणून गेली. एसएसडी बसवला, बटण दाबलं, आणि थोड्याच वेळात डेस्कटॉप समोर. तरी मी त्याला डी उघडून शेवटच्या महिन्याची फाइल वाचायला लावली. ती उघडली, तेव्हाच फोन ठेवला.

स्क्रू उघडण्याआधी फोन हातात घ्या

महत्त्वाच्या फाइल्सची वेगळी कॉपी काढा. क्लोन म्हणजे बॅकअप नाही. बिटलॉकरची की शोधून लिहून ठेवा. बायोसमधल्या बूट आणि साटाच्या पानांचे फोटो काढा. मागचं झाकण उघडल्यावर केबल आणि स्क्रूंचेही फोटो काढा, कारण कुठला स्क्रू लांब आणि कुठला आखूड हे दहा मिनिटांनी आठवत नाही. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा बूट करताना फक्त नवाच ड्राइव्ह जोडलेला ठेवा. दोन जुळी एकत्र असली की विंडोज गोंधळतं. आणि एरर आला तर कुणाला 'चालत नाही' असा मेसेज टाकण्याऐवजी स्क्रीनचा फोटो पाठवा. त्या एका ओळीत बहुतेक वेळा पायरीचा नंबर लपलेला असतो.

आणि जुनी डिस्क? निदान महिनाभर कपाटात राहू द्या. जागा किती लागते तिला!

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात असा एखादा 'मेलेला' लॅपटॉप पडला असेल तर तो कुठल्या पायरीवर अडलाय ते आज बघा आणि मला कळवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि बॅकअपही घ्या!