औषधं घरपोच, पण समजावणार कोण?

इस्पितळातून रुग्ण घरी आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण काळजीचा काळ त्यानंतरच सुरू होतो. डिस्चार्ज कार्डावर सात-आठ औषधं, त्यांतली निम्मी नवी. शिवाय जुन्या पट्ट्या फडताळात तशाच पडलेल्या. जुनी गोळी एका कंपनीच्या नावाची, नवी जनऔषधी केंद्रातली. आतलं औषध मात्र एकच! आजोबा दोन्ही घेतात, रक्तदाब एकदम उतरतो, चक्कर येते आणि पुन्हा इस्पितळाची पायरी चढावी लागते.

इंग्लंडमध्ये मर्सिसाइडच्या दोन इस्पितळांत दाखल झालेल्या १८,८२० रुग्णांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या साडेसहा टक्के रुग्णांच्या बाबतीत दाखल होण्याशी औषधाच्या दुष्परिणामाचा संबंध होता. आणि ही औषधं काही दुर्मीळ नव्हती. ॲस्पिरिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन, अंगदुखीच्या गोळ्या. म्हणजे घरोघरच्या डब्यात सापडणारीच. बहुतेक त्रास टाळता येण्याजोगा होता, असंही त्या पाहणीत दिसलं.

मग तो टाळायचा कसा? हाँगकाँगच्या एका इस्पितळाने साधा टेलिफोन वापरला. पाच किंवा अधिक औषधं चालू असलेले, पण ती नीट न घेणारे ४४२ रुग्ण निवडले. त्यांतल्या निम्म्यांना डॉक्टरांच्या दोन भेटींच्या मधल्या काळात फार्मासिस्ट फोन करी. गोळ्या कशा घेता, काही त्रास होतो का, अशी दहा-पंधरा मिनिटांची विचारपूस. दोन वर्षांत फोन येणाऱ्यांपैकी ११ टक्के दगावले, न येणाऱ्यांपैकी १७ टक्के. हे निष्कर्ष २००६ सालचे.

तरीही फार्मासिस्टशी बोलणं झालं की इस्पितळ टळलंच, असं नाही. इंग्लंडच्याच नॉर्फक-सफक भागात ऐंशीच्या पुढच्या ८७२ रुग्णांवर प्रयोग झाला. त्यात फार्मासिस्ट चक्क घरी जाऊन औषधं तपासत. सहा महिन्यांत त्या गटातले रुग्ण २३४ वेळा दाखल झाले, दुसऱ्या गटातले १७८ वेळा! गोळ्या काटेकोर घेतल्याने दुष्परिणाम वाढले, की दुखणं लवकर लक्षात येऊ लागलं? काहीही असो, डॉक्टरांना वगळून नुसती गोळ्यांची मोजदाद पुरत नाही, असंच यावरून वाटतं.

आपल्याकडे २०१५च्या नियमांनुसार रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच आहे. पण दुकानात गर्दी, आणि मोबाइलवरून मागवलेली औषधं आणणारा मुलगा पाकीट देऊन निघून जातो. त्याला विचारून काय उपयोग?

म्हणून फोन आपणच करावा. आधी घरातल्या सगळ्या पट्ट्या डिस्चार्ज कार्डाशेजारी मांडाव्यात आणि कंपनीचं नाव सोडून औषधाचं मूळ नाव वाचावं. एकच नाव दोनदा आलं, तर दुकानातल्या फार्मासिस्टला विचारावं: कोणती जुनी गोळी बंद, कोणती चालू? उत्तर डॉक्टरांकडून पक्कं करून घ्यावं. तोवर मनाने काही बंद करू नये. गुडघेदुखीसाठी चिठ्ठीशिवाय आणलेली गोळीही या यादीत सांगायची. बहुतेक जण नेमकी तीच विसरतात.