विषमज्वर आणि वायफाय : तिकोणा पेठेतील एक निदान

ज्वराचा वेग असतानाच रुग्ण दारात आला, तर निदान सुकर होते. वेग ओसरल्यावर आलेल्या विषमज्वराच्या रुग्णापुढे मात्र भल्याभल्यांची कसोटी लागते. घरातील वायफाय मधूनमधून तुटण्याचा विकार याच जातीचा आहे. तंत्रज्ञ दुपारी येतो, तेव्हा सर्व सुरळीत असते. तो घाटाच्या वळणापलीकडे गेला की पुन्हा वेग येतो.

मावळात तिकोणा किल्ल्याच्या, म्हणजेच वितंडगडाच्या, पायथ्याशी तिकोणा पेठेत आमचे घर असून त्यातच चिकित्सालय आहे. पवना जलाशयाचा शेजार लाभला, निसर्गाने हात राखून काही दिले नाही. परंतु घराच्या जाड दगडी भिंतींच्या आत मोबाईलची रेंज जेमतेम पोहोचते. केंद्र शासनाने मार्च २०२० मध्ये दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, पाठोपाठ आयुर्वेदासाठीही ती आली, आणि आमचे अनेक जुने रुग्ण संगणकाच्या पडद्यावरून भेटू लागले.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी संधिवाताचे एक वृद्ध रुग्ण बोलत होते. सांधे फार दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत असल्याचे त्यांनी ओघात सांगितले. मलाचा वर्ण कसा आहे, असे आम्ही विचारले. ‘डांबरासारखा काळा,’ एवढे उत्तर आले आणि पडदा गोठला. रुग्णाचा दूरध्वनी क्रमांक जुन्या वहीत होता. तो शोधून, भर पावसात रस्त्यापर्यंत जाऊन त्यांच्या मुलाशी बोलणे होईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. मुलाने त्यांना तत्काळ रुग्णालयात नेले. जठरातील रक्तस्राव वेळेत आटोक्यात आला. ती चाळीस मिनिटे मात्र आमच्या खाती जमा राहिली.

तोवर आमचा एकच उपचार होता, पेटी बंद करून पुन्हा चालू करणे. हेतू न शोधता केलेले ते निव्वळ ज्वरशमन! शिवाय त्यामुळे लक्षणेही पुसली जात. गूढलिंग व्याधीत उपशय-अनुपशयाने परीक्षा करावी, हे आपल्यालाच शिकवलेले. ते यंत्राला का लावू नये, असा विचार करून आम्ही बसलो.

पहिला प्रश्न अधिष्ठानाचा. विकार संगणक आणि राउटर यांमध्ये आहे, की राउटर आणि बाहेरचे जग यांमध्ये? यासाठी ‘पिंग’ ही आज्ञा नाडीपरीक्षेसारखी उपयोगी पडते. संगणकावर दोन खिडक्या उघडून एकीतून राउटरला (आमच्याकडे १९२.१६८.१.१, पत्ता पेटीच्या तळाशी छापलेला असतो) आणि दुसरीतून ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक पत्त्याला सतत साद घालत ठेवावी. राउटर उत्तर देतो पण बाहेरून उत्तर नाही, तर दोष बहुधा बाहेरच्या वाहिनीत. राउटरही मौन धरतो, तर दोष घरातच.

आमच्या मागच्या खोलीत दोन्ही उत्तरे अधूनमधून गळत होती. संकेताचे बळ उणे ७८ डीबीएम भरले; उणे ६७ च्या आसपास असेल तर दृक्-संवाद नीट चालतो. राउटर दारापाशी जमिनीवर, आणि त्याच्या व आमच्या मेजाच्या मध्ये दगडी भिंत व औषधांचे लोखंडी कपाट! धातू या लहरी परतवतो, ओली भिंत त्या शोषते. निदान झाले, असे वाटून आम्ही आनंदलो. राउटर उंचावर हलवला, बळ उणे ६२ झाले, दिवसभर उत्तम चालले. आणि संध्याकाळी सातला पुन्हा तुटले.

येथे आमचा अहंकार उतरला. मग संगणक तारेने थेट राउटरला जोडला. वायफायचा संबंधच तोडला. सातच्या सुमारास तारेवरूनही राउटर मुका झाला आणि तीन मिनिटांनी बोलू लागला. दुसऱ्या दिवशी पेटीसमोरच बसून राहिलो. फायबर तुटली असती, तर ‘लॉस’चा दिवा लाल झाला असता. येथे सर्व दिवे एकदम विझले आणि एकेक करून पेटले. म्हणजे पेटीच नव्याने सुरू होत होती. त्याच क्षणी विहिरीवरचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला. पंप सुरू होताना विजेचा दाब पडे, इन्व्हर्टर बॅटरीवर जाई, आणि त्या निमिषमात्र खंडात जीर्ण झालेला ॲडाप्टर पेटीला तग धरू देत नसे. दिव्यांचे क्षणिक मंदावणे वर्षभर डोळ्यांसमोर होते; पूर्वरूप पाहूनही ओळखले नाही.

तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा अधिक ॲम्पिअरचा आणि त्याच ध्रुवतेचा नवा ॲडाप्टर घेतला (आमच्या पेटीवर १२ व्होल्ट लिहिले आहे, चुकीचा जोडल्यास पेटी जळू शकते). सोबत राउटरसाठी मिळणारी छोटी बॅटरी बसवली. सातचा वेग थांबला.

शनिवारी रात्री थोडी मंदता अजून जाणवते. जलाशयाकाठी तंबू आणि बंगले गजबजतात, त्या रात्री आसपासची वायफाय-नावे यादीत वाढलेली दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ ही तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता बसतात. त्यांतले कमी गर्दीचे निवडावे. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण दगडी भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो.

पावसात फायबरच तुटली, तर यांतले काहीही उपयोगी नाही. म्हणून आता संवाद सुरू होताच, प्रकृती विचारण्याआधी, आम्ही रुग्णाचा व घरातील एका व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचे नाव केसपेपरच्या माथ्यावर लिहून घेतो. काही रुग्णांना हे चमत्कारिक वाटते. त्या वृद्ध गृहस्थांनी मात्र पुढच्या खेपेस आम्ही विचारण्याआधीच तिन्ही गोष्टी सांगून टाकल्या.