बिनधन्याचा हात

गोरोकातल्या त्या पडवीत पाय ठेवला आणि आधी वास आला, ताडपत्रीवर वाळणाऱ्या कॉफीचा आणि ओल्या लाकडाच्या धुराचा. पापुआ न्यू गिनीत ८०० हून अधिक भाषा. त्यांतली कोण कुणाची बहीण हे ठरवतात तरी कसं, एवढ्यासाठी मी डोंगरात आलो होतो. समोर एक वही, एक रेकॉर्डर आणि फोरे भाषा बोलणारे एक आजोबा.

संशोधक बाईंनी स्वतःचा हात पुढे केला. टोक पिसिन या तिथल्या सामायिक भाषेत विचारलं, याला काय म्हणता? आजोबांनी शब्द सांगितला. मी लगेच लिहिलं : हात. बाई हसल्या. "ते 'तुझा हात' म्हणाले."

फोरेत अवयवाला धनी लागतोच. 'ना' लागला की माझा, 'का' तुझा, 'आ' त्याचा. बिनधन्याचा हात नाहीच. आजोबांनी मग स्वतःचा, बोटं काळवंडलेला हात धरला. शब्दाचं तोंड बदललं.

याच इवल्या अक्षरांवर केवढा डोलारा! आधी, १९७०च्या दशकात, भाषाशास्त्रज्ञ वुर्म आणि सहकाऱ्यांनी शब्दयाद्या ताडून सुमारे ५०० भाषांचं 'ट्रान्स-न्यू गिनी' कुटुंब मांडलं. टक्केवारीवर जमवलेली ही सोयरीक मला घाईचीच वाटते. शब्द काय, डुकरांबरोबर येतात, सुनांबरोबर येतात. आपण नाही का बटाटा आणि पगार पोर्तुगिजांकडून घेतले? 'मी' आणि 'तू' मात्र घरचेच राहिले. माल्कम रॉस यांनी २००५मध्ये सर्वनामांचाच धागा धरला. त्यांच्या मते मूळ भाषेत मी म्हणजे 'ना', तू म्हणजे 'ङ्गा'.

"पण फोली?" मी विचारलं.

"साठ," बाई म्हणाल्या. विल्यम फोली यांनी १९८६मध्ये पापुअन भाषांची साठाहून अधिक वेगवेगळी कुटुंबं धरली होती. गोरोका आणि काइनान्टूकडच्या भाषा एका घरातल्या, हे त्यांनाही मान्य, भांडण उंबऱ्याबाहेरचं. "साठ," त्या पुन्हा म्हणाल्या, उधारी आठवावी तशा.

रॉस यांची वाट मला पटते. तरी 'ना' म्हणजे एक व्यंजन, एक स्वर. एवढंसं साम्य योगायोगानंही जुळतं. म्हणून बाई क्रियापदांचे प्रत्ययही ताडतात, ध्वनी कुठे नेमाने बदलतात ते पाहतात. ते काम मला दिसलं ते एवढंच, खोडरबर आणि पुन्हा पेन्सिल.

पाऊस आला. कॉफी आत घ्यायला सगळे धावले. ताडपत्रीचं टोक माझ्या हातून निसटलं, तेव्हा आजोबांनी माझं मनगट पकडलं, ते टोक मुठीत कोंबलं आणि काहीतरी बोलले. मला एवढंच कळलं, सुरुवात 'का'ने झाली होती.