‘लागणे’ आणि ‘गेट’ : एका क्रियापदाचे अनेक अर्थ

१. प्रास्ताविक

वाईहून पाचगणीला निघालेल्या प्रवाशाला वाटेत पसरणीचा घाट लागतो. वळणांमुळे एखाद्याला गाडी लागते, वर पोहोचायला वेळ लागतो आणि तोवर भूकही लागते. येथे क्रियापद एकच आहे. अर्थ मात्र चार आहेत. शब्दकोशात हे अर्थ एकाखाली एक दिलेले असतात. त्यांचे परस्परांशी नाते काय, हे व्युत्पत्ती आणि वाक्यरचना यांच्या आधारे पाहावे लागते. या घटकात आपण ‘लागणे’ या क्रियापदाचा आणि त्याच्याशी तुलना करता येईल अशा ‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचा विचार करू.

२. व्युत्पत्ती

संस्कृतातील ‘लग्’ या धातूचा अर्थ चिकटणे, संलग्न होणे असा आहे. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित ‘लग्न’. प्राकृतात त्याचे ‘लग्ग’ झाले आणि मराठीत ‘लाग’. जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ होणे ही प्रक्रिया आपल्याला ‘कर्म – कम्म – काम’ या परंपरेतही दिसते. विवाह या अर्थाचा ‘लग्न’ हा शब्द याच धातूचा आहे. पूर्व क्षितिजाला लागलेली रास ते ज्योतिषातील लग्न. त्या मुहूर्तावरून विधीलाही तेच नाव मिळाले.

३. अर्थविस्तार

मूळ अर्थ स्पर्शाचा. ‘भिंतीला हात लागला’ यात तो सरळ आहे. ‘नदीला लागून मंदिर आहे’ यात स्पर्शाचे सान्निध्य झाले. ‘ती माझी मावशी लागते’ यात सान्निध्याचे नाते झाले. ‘त्यांचे बोलणे मनाला लागले’ येथे स्पर्श शरीराकडून मनाकडे गेला. भूक, झोप, तहान याही जणू बाहेरून येऊन माणसाला चिकटतात. पुढे हे क्रियापद साहाय्यक झाले. ‘मूल बोलू लागले’ यात ते क्रियेचा आरंभ दाखवते, तर ‘मला जावे लागले’ यात सक्ती दाखवते.

४. ‘गेट’शी तुलना

‘गेट’ हे क्रियापद इंग्रजीत प्राचीन नॉर्स भाषेतील ‘गेटा’ या शब्दावरून आले. स्कँडिनेव्हियातून आलेले लोक इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर त्यांच्या भाषेतील अनेक शब्द इंग्रजीत रुळले, त्यांपैकी हा एक. त्याचा मूळ अर्थ मिळवणे, हस्तगत करणे. त्याचेही क्षेत्र असेच विस्तारले. ‘शी गॉट अ जॉब’ म्हणजे तिला नोकरी लागली. ‘शी गॉट हंग्री’ म्हणजे तिला भूक लागली. ‘दे गॉट टॉकिंग’ म्हणजे ते बोलू लागले. ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जावे लागेल. एकाचा उगम चिकटण्यात, दुसऱ्याचा मिळवण्यात. तरी प्राप्ती, अवस्था, आरंभ आणि सक्ती या चारही ठिकाणी दोघे भेटतात.

भेद आहे तो वाक्यातील व्यक्तीच्या स्थानाचा. इंग्रजी वाक्यात व्यक्ती कर्त्याच्या जागी असते. मराठीत ‘तिला भूक लागली’ म्हणताना भूक ही कर्ता होते आणि व्यक्ती चतुर्थीत जाते. आरंभदर्शक रचना मात्र याला अपवाद आहे. ‘ते बोलू लागले’ यात ‘ते’ हाच कर्ता राहतो.

५. भाषांतर आणि कर्तृत्व

वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. परिभाषासंग्रहाचा खंड त्याआधीच, १९७३ मध्ये निघाला होता. इंग्रजी संज्ञेला मराठी संज्ञा अशी यादी करता येते. ‘गेट’सारख्या क्रियापदाला मात्र एकच प्रतिशब्द ठरवून भागत नाही; प्रत्येक वेळी वाक्य नव्याने बांधावे लागते.

हा प्रश्न केवळ भाषांतरकाराचा नाही. ‘गंजीला आग लागली’ आणि ‘गंजीला आग लावली’ या दोन वाक्यांत एका अक्षराचा फरक आहे. पण पहिल्यात अपघात आहे, दुसऱ्यात कोणाचे तरी कृत्य. ‘मी सही केली’, ‘मला सही करावी लागली’ आणि ‘त्यांनी मला सही करायला लावली’ ही वाक्येही एकाच घटनेविषयी असू शकतात. पहिले जबाबदारी स्वीकारते, दुसरे सक्ती सांगते पण ती करणाऱ्याचे नाव सांगत नाही, तिसरे त्याच्याकडे बोट दाखवते. अर्ज, तक्रार किंवा जबाब लिहिताना आणि इतरांचा वाचताना हा भेद आपण ओळखला पाहिजे.

६. सारांश

क्रियापदाचा मूळ अर्थ समजला की त्याच्या विस्ताराची दिशा समजते. कर्ता कोण हे पाहिले की वाक्य कोणावर जबाबदारी टाकते, ते कळते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. आपल्या बोलीतील ‘लागणे’ची दहा वाक्ये लिहा. प्रत्येकातील कर्ता आणि चतुर्थीतील व्यक्ती वेगळी दाखवा.
२. ‘दार लागले’ आणि ‘दार लावले’ यांतील अर्थभेद स्पष्ट करा.