बायपासनंतरचे वजन

बायपास झालेल्या माणसाला भेटायला गेलेली मंडळी हृदयाचीच चौकशी करतात. ब्लॉकेज किती होते, किती टक्के होते, ऑपरेशनला तास किती लागले? टक्केवारीची आपल्याला भारी हौस. आमची हयात बँकेत गेली, तेव्हा मी काय बोलणार! पण माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचे हृदय चौथ्या दिवशी सुरळीत चालू लागले होते. अडून बसले ते छातीचे हाड. सहकाऱ्याचे वजन होते ९८ किलो.

या शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उभे कापतात आणि शेवटी पोलादी तारांनी बांधतात. ते नीट सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर प्रत्येक खोकला, हातांवर भार देऊन उठण्याची प्रत्येक धडपड त्या सांध्याला ताण देते. देह जड असेल तर ताणही जास्त. त्यातून चरबीच्या थराला रक्तपुरवठा बेताचाच, म्हणून तिथली जखम सावकाश भरते आणि लवकर चिघळते. छातीची, तशीच शीर काढलेल्या पायाचीही. जोडीला मधुमेह असला तर धोका आणखी वाढतो. छातीच्या आतल्या दोन्ही रोहिण्या बायपाससाठी वापरायला अशा रुग्णात सर्जन कचरतात, कारण त्या हाडाला रक्त मिळते ते त्यांच्याकडूनच.

श्वासाचेही तसेच. उताणे झोपले की पोट वर सरकून फुप्फुसांचा तळ दाबते, तिथे कफ साचतो. तीन चेंडूंचे ते प्लास्टिकचे खेळणे ओढायला देतात ते त्यासाठी. कंटाळून ते टेबलावर ठेवून देणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले. आणि घरचा माणूस झोपेत घोरता घोरता मध्येच श्वास थांबवत असेल, तर ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. ही गोष्ट बायकोखेरीज कोणाला ठाऊक असणार?

गंमत अशी, की थोड्या जाड रुग्णांचे ऑपरेशननंतरचे मृत्यू सडसडीत रुग्णांपेक्षा जास्त नसतात, काही पाहण्यांत तर कमीच आढळले. फार कृश आणि फार स्थूल, ही दोन टोके अवघड. हे कानावर येताच आमच्या सहकाऱ्याने शिरा मागितला! पण कृश रुग्णांत वय झालेले, दुसऱ्या आजाराने झिजलेले लोक बरेच असतात. शिवाय वजनकाटा चरबी आणि स्नायू यांत भेद करत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! म्हणून आपल्याकडे २००९ पासून बीएमआय २५ झाला की लठ्ठपणा मानतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० ही मर्यादा धरतात.

घरी आल्यावर दोन पक्ष पडतात. एक डिंकाचे लाडू वळतो, दुसरा लगेच उपासाला बसवतो. माझ्या मते दुसरा पक्ष जास्त धोक्याचा. हाड आणि जखम भरायला प्रथिने लागतात. डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडे, हे त्या दिवसांत पोटभर हवे. साखर ताब्यात हवी, चालणे रोज थोडे वाढवावे. वजन उतरवण्याचा कार्यक्रम जखम भरल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

बायकांची एक अडचण कोणी बोलत नाही. स्तन जड असतील तर त्यांच्या ओढीने छातीचे टाके ताणले जातात, घडीत घाम साचून जखम ओली राहते. आधार देणारी, पुढून उघडणारी चोळी किंवा ब्रा लवकर घालावी, असे सांगितले जाते. पण सांगायचे कोणी, आणि विचारायचे कोणी? राउंडच्या वेळी डॉक्टरांभोवती मुलगा आणि जावई उभे असतात. तेव्हा सुनेने किंवा लेकीने सिस्टरला बाजूला घेऊन विचारून घ्यावे, तेही डिस्चार्जच्या आधी.