चौघांनी मिळून जीव वाचवायचा

कात्रजचा तलाव पुष्कळांनी पाहिला असेल. साताऱ्याकडून घाट उतरून पुण्याकडे निघालो की तो लागतो. पेशव्यांच्या काळात, सन १७५० च्या सुमारास, कात्रजचे पाणी पुणे शहरात नेले. त्यासाठी जमिनीखालून पक्का नळ बांधला. ते पाणी शनिवारवाड्यापर्यंत जाई. पेठांतल्या हौदांत पडे. तिथे लोक घागरी भरत.

आता विचार करा. तलाव तुडुंब भरला आहे. हौदही पक्का बांधलेला आहे. पण मधल्या नळाला एके ठिकाणी भगदाड पडले. मग काय होईल? हौद कोरडा राहील. मग तलाव असून उपयोग काय?

घरात मार खाणाऱ्या बाईचे असेच होते. तिच्यासाठी कायदा आहे. पोलीस आहेत, दवाखाना आहे, कोर्ट आहे. पण एकाचे दुसऱ्याला कळत नाही, आणि मदत मध्येच गळून जाते. ती मदत तिच्या दारापर्यंत कशी पोचवायची, ते आज आपण पाहू.

एकाने पाहिले, दुसऱ्याला कळले नाही

समजा, कात्रजच्या एका वस्तीत एक बाई राहते. पोटासाठी गावाकडून आलेले कुटुंब. नवरा मिळवता आहे, पण संशयी आहे. दारूही पितो. ही गोष्ट आम्ही रचलेली आहे. पण अशी घरे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत.

सोमवारी ती दवाखान्यात जाते. हाताला लागले आहे. "पाय घसरला," असे सांगते. डॉक्टर पट्टी बांधतात. मंगळवारी अंगणवाडीच्या ताईंना तिचे मूल घाबरलेले दिसते. बुधवारी रात्री शेजारच्या मावशींना भिंतीपलीकडून आवाज येतो, "तुला जिती ठेवत नाही!" मागच्या महिन्यात ती पोलीस ठाण्यात गेली होती. तेव्हा नवऱ्याला समज देऊन सोडले. आणि माहेरी आईला तिने फोनवर एवढेच सांगितले, "आई, परवा त्यानं माझा गळा धरला. डोळ्यापुढं अंधारी आली."

पाच जणांना पाच गोष्टी ठाऊक आहेत. प्रत्येकाला वाटते, "नवरा-बायकोचं भांडण. होईल नीट." पण या पाचही गोष्टी एका कागदावर मांडून पाहा. याला भांडण कोण म्हणेल? हा जिवाला धोका आहे.

धोका कसा ओळखावा?

मार कुठलाही वाईटच. पण काही खुणा दिसल्या, तर एक दिवसही थांबू नये.

गळा दाबणे ही फार मोठी खूण आहे. बाहेर वळ दिसत नाही, तरी आत इजा झालेली असू शकते. अशा बाईला लगेच दवाखान्यात न्यावे. तिथे "गळा दाबला" हे शब्द सांगून लिहून घ्यायला लावावे.

ठार मारण्याची धमकी देणे, चाकू-कोयता उगारणे, रॉकेल अंगावर ओतणे, गरोदरपणी मारणे, या दुसऱ्या खुणा. मार दिवसेंदिवस वाढत जातो, तो तिच्या मागे मागे फिरतो, तिला कोंडून ठेवतो, "तुला मारीन आणि मीही मरेन" असे म्हणतो, याही खुणाच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाईने घर सोडले म्हणजे ती सुटली, असे आपल्याला वाटते. पण घर सोडण्याचे दिवस फार जोखमीचे असतात. "ही आता हातातून गेली," असे वाटून तो पिसाळतो. म्हणून घर सोडायचे, तर आधी ठरवून आणि बोभाटा न करता सोडावे.

तिलाही एकटीला गाठून विचारावे, "बाई, तुला काय वाटतं? तो तुझ्या जिवाचं बरंवाईट करील का?" ती "हो" म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवावा. ती "नाही" म्हणाली, तरी खुणा विसरू नयेत. पुष्कळदा बाईला स्वतःलाही धोक्याचा पुरता अंदाज नसतो.

हे काम आपल्याकडे कसे सुरू झाले?

१९८२ साली पुण्यात तरुण विवाहित स्त्रियांच्या मृत्यूंनी लोक हादरले. त्याच वर्षी पुण्यात नारी समता मंच ही संस्था उभी राहिली. घरात काय चालते ते बायकांनी बोलावे, आणि समाजाने ऐकावे, असे काम तिने हाती घेतले.

१९८३ साली कायद्यात नवे कलम आले. बायकोचा छळ करणाऱ्या नवऱ्याला व सासरच्यांना तीन वर्षांपर्यंत कैद होऊ लागली. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे.

१९८४ साली मुंबईत एक वेगळी गोष्ट घडली. टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तांच्या कचेरीतच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. तिथे समाजसेविका बसू लागल्या. बाई तक्रार घेऊन आली, की पोलिसांशेजारीच तिला आपले ऐकणारे माणूस मिळू लागले. पुढे असे कक्ष राज्यात इतर ठिकाणीही निघाले. त्यानंतर मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झाले. "पाय घसरला" म्हणणाऱ्या बाईला तिथे हळूच विचारू लागले, "खरं काय झालं, बाई?"

पोलीस आणि समाजसेविका एकत्र आल्या. दवाखाना आणि समुपदेशक एकत्र आले. नळाचे तुकडे असे एकेक जोडले गेले.

कुणी काय करायचे?

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला. तो ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. या कायद्यात प्रत्येकाचे काम नेमून दिले आहे. पोलीस, आरोग्य, न्याय या खात्यांनी एकमेकांशी मेळ ठेवावा, हे सरकारचे कर्तव्य आहे, असेही त्यात सांगितले आहे.

मधला दुवा म्हणजे संरक्षण अधिकारी. ते बाईची हकीकत एका ठरीव नमुन्यात लिहून घेतात. तो अहवाल मॅजिस्ट्रेटकडे जातो. त्याची प्रत पोलीस ठाण्याला जाते. बाईला लागले असेल तर ते तिला दवाखान्यात पाठवतात. राहायला जागा नसेल तर आसऱ्याची सोय पाहतात. पुढे जपून कसे राहायचे, याचाही एक नमुना नियमांत आहे. तो तिच्याबरोबर बसून भरायचा असतो. धोका तातडीचा असेल, तर पोलिसांना बरोबर घेऊन तिच्याकडे जायचे असते.

पोलिसांनी तिला तिचे हक्क सांगायचे. गुन्हा घडला असेल तर तो नोंदवायचा.

मॅजिस्ट्रेटने अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख द्यायची. "तिला हात लावू नको, तिच्या कामावर जाऊ नको, तिला घराबाहेर काढू नको," असा हुकूम ते देऊ शकतात. निकड असेल, तर दुसऱ्या बाजूची वाट न पाहताही तात्पुरता हुकूम देता येतो. हुकमाची प्रत तिला फुकट मिळते. एक प्रत पोलीस ठाण्यातही जाते. संरक्षणाचा हुकूम मोडला, तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

विधी सेवा प्राधिकरण वकील फुकट देते. बाईचे उत्पन्न किती, हे तिथे बघत नाहीत.

२०१५ पासून 'सखी' नावाची केंद्रे सुरू झाली. औषधपाणी, पोलीस, वकील, सल्ला आणि थोड्या दिवसांचा आसरा एकाच छपराखाली मिळावा, हा त्यांचा हेतू आहे. पुणे पोलिसांचा भरोसा सेलही स्त्रियांच्या तक्रारी ऐकतो.

एका जागी बसले तर

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये कार्डिफ नावाचे शहर आहे. तिथे २००३ साली एक रीत सुरू झाली. ज्या बायकांच्या जिवाला जास्त धोका आहे, त्यांच्यासाठी पोलीस, दवाखाना, घरे देणारे खाते, मुलांचे खाते आणि संस्था ठरावीक दिवशी एकत्र बसतात. प्रत्येकजण आपल्याला ठाऊक असलेले सांगतो. कुणी काय करायचे ते तिथेच ठरते. बाईच्या वतीने बोलणारे माणूस त्या बैठकीत असते. मारणाऱ्याला तिथे बोलावत नाहीत. बैठक झाली हे त्याला कळूही देत नाहीत. पुढे ही रीत ब्रिटनभर पसरली.

यातून आपण तीन गोष्टी शिकू. पहिली, माहिती एकत्र करावी. दुसरी, प्रत्येक कामापुढे माणसाचे नाव आणि दिवस लिहावा. "कुणीतरी बघेल" म्हटले की कुणीच बघत नाही. तिसरी, ही माहिती ज्यांना कामाची आहे त्यांच्याच कानावर घालावी. चावडीवर चर्चा झाली, की ती त्याच्या कानी जाते आणि मार तिला बसतो.

आपण काय करावे?

अशी बाई आपल्या शेजारी असेल, तर आपणही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतो. नात्याचे असायला हवे असे नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कायदा कसलाही ठपका ठेवत नाही.

ऐन प्रसंगी ११२ वर फोन करावा. तो पोलिसांकडे जातो. सल्ला आणि मदतीसाठी १८१ ही महिलांची मदतवाहिनी आहे. फुकट वकिलासाठी १५१०० हा नंबर आहे. बाईने हे नंबर तोंडपाठ करावेत. तिचा फोन नवरा बघत असेल, तर त्यात लिहून ठेवू नयेत.

तिची कागदपत्रे, थोडे पैसे आणि कपडे भरवशाच्या घरी ठेवू द्यावेत. तिने आसरा घेतलेली जागा कुणी कितीही विचारले तरी सांगू नये. "मी त्याला दोन शब्द सांगून बघतो," असे म्हणून एकट्याने मध्ये पडू नये. गळा धरणाऱ्या माणसाबरोबर समेट करायला तिला बसवू नये.

आणि तुम्हाला आता वाचता येते, हे विसरू नका. जबाब लिहून झाला की तो तिला वाचून दाखवा. "गळा धरला" असे ती म्हणाली असेल, आणि कागदावर नुसते "भांडण झाले" एवढेच असेल, तर ते बदलून घ्या. मगच तिने सही करावी. पुढचा माणूस तो कागद वाचूनच काय करायचे ते ठरवणार असतो.

आपल्या गोष्टीतली शेजारची मावशी, अंगणवाडीची ताई, डॉक्टर, पोलीस, आई, सगळी माणसे चांगलीच होती. पण प्रत्येकाने आपापल्यापुरते पाहिले. मावशीने ताईंना सांगितले असते, ताईंनी संरक्षण अधिकाऱ्यांना कळवले असते, तर बुधवारच्या रात्रीनंतर गुरुवारी सकाळी त्या बाईच्या दारात मदत उभी राहिली असती.

तुमच्या शेजारी असा आवाज येत असेल, तर उद्यावर टाकू नका.