दिवाळीचा बाजार आणि अडलेला रस्ता

दिवाळी आठ दिवसांवर आली कीं, पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर दरवर्षीं एकच देखावा दिसतो. मोशीस बिऱ्हाड असलेला कामगार चाकणच्या कारखान्यांतून पाळी संपवून निघतो. घरीं मुलें नवे कपडे घेण्याच्या आशेनें वाट पाहत असतात. सर्व मंडळी पिंपरीच्या बाजारांत पोहोंचेपर्यंत दिवे लागतात, आणि परततांना धाकटें मूल बापाच्या खांद्यावर झोंपी गेलेलें असतें. दोष कोणाचा असें विचारल्यास कोणी अरुंद रस्त्याला बोल लावतो, कोणी वाढत्या वस्तीला. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु तीं अपुरीं आहेत.

या नगराची घडण पुण्याच्या पेठांसारखी नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि कारखान्यांच्या मागोमाग घरें आलीं. २००१ सालीं सुमारें १० लाख असलेली लोकसंख्या २०११ च्या शिरगणतींत १७ लाखांवर गेली. गांवें एकमेकांस भिडलीं. पण सणाची खरेदी म्हटली कीं, पुष्कळांचीं पावलें अजून पिंपरीकडेच वळतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनीं कष्टानें उभी केलेली ही बाजारपेठ लोहमार्गाच्या एका बाजूस, तर मुंबई-पुणें हमरस्ता दुसऱ्या बाजूस आहे. साहजिकच सारी गर्दी पुलाच्या तोंडाशीं एकवटते.

चाकणची अडचण निराळी. तेथें पुणें-नाशिक रस्त्यास तळेगांव-शिक्रापूर रस्ता छेदतो. पुणें शहर टाळून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या मालमोटारी, कामगारांच्या गाड्या आणि घरोघरच्या दुचाक्या यांची गांठ एकाच चौकांत पडते. एक वाहन आडवें झालें कीं रांग लांबत जाते.

तथापि खरी कोंडी जागेइतकीच वेळेची आहे. १९६५ च्या बोनस कायद्यानें हिशेबाचें वर्ष संपल्यापासून ८ महिन्यांच्या आंत बोनस देण्याचें बंधन घातलें. म्हणजे ३१ मार्चला वर्ष संपल्यास नोव्हेंबरअखेर मुदत मिळते. कायद्याची मुदत अशी ऐसपैस असतां, रूढीनें मात्र ती दिवाळीच्या तोंडावरच्या थोड्या दिवसांत आवळली आहे. हजारों घरांत पैसा एकदमच येतो, आणि हजारों घरें एकाच संध्याकाळीं बाहेर पडतात.

यावर उपाय याच भूमींत पूर्वीं सांपडलेला आहे. विजेचा सारा भार एकाच दिवशीं पडूं नये म्हणून औद्योगिक भागांच्या साप्ताहिक सुट्या निरनिराळ्या वारीं ठेवण्यांत आल्या. पिंपरी-भोसरीकडील गुरुवारची सुटी हें त्याचेंच उदाहरण. विजेच्या तारेला जो न्याय लावला, तोच रस्त्याला लावण्यास काय हरकत आहे? कारखान्यांनीं बोनसचे दिवस आपसांत वाटून घेऊन पंधरा-वीस दिवस आधींपासून ते सुरू केले, तर नवा पूल न बांधतांही गर्दी पुष्कळ पातळ होईल.

गृहिणींनीं खरेदी लवकर उरकावी, हा उपदेश दरवर्षीं होतो. परंतु हातीं पैसाच धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीं पडत असेल, तर तो उपदेश पाळावा कसा? पैसा वेळेवर आला, तर मोशीचें तें मूल बाजार डोळे उघडे ठेवून पाहील.